खुर्चीवरून कोणाला उठवलं नाही, ते आधी बघा

प्रश्न: ताई, श्रीलंकेत अनुरा कुमारा दिसानायके निवडून आले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, डाव्या पक्षाचा माणूस, 2019 ला जेमतेम 3 टक्के मतं आणि सप्टेंबर 2024 ला थेट राष्ट्राध्यक्ष! पण मग सेंट्रल बँकेचा गव्हर्नर तोच ठेवला, अर्थसचिव तोच ठेवला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी (आयएमएफ) झालेला कर्जाचा करारही तोच. मग बदललं काय? ही मतदारांची फसवणूक नाही का?

उत्तर: तुमची चिडचिड समजते, पण मला ती फसवणूक वाटत नाही. उलट पहिल्या आठवड्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय मला तोच वाटतो. का ते सांगते, त्यासाठी त्याच देशातला आधीचा एक नवा राष्ट्राध्यक्ष आठवावा लागेल.

नोव्हेंबर 2019 मध्ये गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि पंधरा दिवसांत व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 वर आणला, वर 1.2 कोटींऐवजी थेट 30 कोटी रुपये वार्षिक उलाढाल असेल तरच नोंदणी सक्तीची, म्हणजे असंख्य धंदे करातून बाहेरच पडले. लोक खूश झाले, कोण नाही होणार! पण तिजोरी आटली, त्यात कोविड आला, पर्यटन बंद, देशाचं पतमानांकन (रेटिंग) घसरलं आणि बाहेरून कर्ज मिळायचं थांबलं. मग सप्टेंबर 2021 ला सेंट्रल बँकेवर अजित निवार्ड काब्राल यांना बसवलं, ते राजपक्षेंच्या जवळचे आणि आधी मंत्रीही होते. 18 जानेवारी 2022 ला या बँकेने 50 कोटी डॉलरचे परदेशी रोखे, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, ठरल्या तारखेला फेडले, डॉलरचा खडखडाट असताना, नाणेनिधीकडे जा असं अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत असताना. मे महिन्यात वापरता येतील असे 5 कोटी डॉलरसुद्धा उरले नव्हते. मग पेट्रोलच्या रेशनसाठी क्यूआर कोड आला, मोटरसायकलला आठवड्याला 4 लिटर! ते 50 कोटी डॉलर आठवले की मला अजून त्रास होतो, कारण तेवढ्यात किती इंधन, किती औषधं आली असती.

आता दिसानायकेंनी कायम ठेवलेले गव्हर्नर नंदलाल वीरसिंघे यांच्याकडे या. एप्रिल 2022 मध्ये सगळं कोसळत असताना ते गव्हर्नर झाले, आल्या आल्या व्याजदर एकदम 7 टक्के पॉइंटने वाढवले आणि चारच दिवसांत परदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर झालं. त्या सप्टेंबरात महागाई 70 टक्क्यांच्या घरात होती, दोन वर्षांत ती पार खाली आली. अशा माणसाला फक्त आधीच्या राजवटीचा म्हणून काढायचं? दिसानायकेंनी नाही काढलं, अर्थसचिव महिंदा सिरिवर्धना यांनाही राहू दिलं आणि अर्थखातं स्वतःकडे ठेवलं. म्हणजे बिनसलं तर बोट दाखवायला दुसरा कोणी नाही, हे मला आवडलं.

प्रश्न: पण प्रचारात तर कराराची फेरबोलणी करू, कर्जाचा हिशोब आम्ही नव्याने मांडू असं म्हणाले होते ना?

उत्तर: म्हणाले होते, आणि इथे ते मागे हटले, हे मान्यच करायला हवं. मतदानाच्या दोन दिवस आधी जुन्या सरकारने रोखेधारकांशी तत्त्वतः समझोता केला होता, सुमारे 12.5 अब्ज डॉलरच्या रोख्यांचा, नव्या सरकारने तोच स्वीकारला आणि डिसेंबरात पूर्ण केला. पुन्हा पहिल्यापासून बसले असते तर महिनोन्‌महिने गेले असते आणि नाणेनिधीचा पुढचा हप्ता अडकला असता, हे खरं. पण मग ते प्रचारातच सांगायचं होतं.

प्रश्न: मग सामान्य माणसाला मिळालं काय, तेवढं सांगा.

उत्तर: काहीच नाही असं नाही. आयकराची मर्यादा महिना 1 लाखावरून दीड लाख श्रीलंकन रुपये केली, गरिबांना दरमहा पैसे देणाऱ्या अस्वेसुमा योजनेत सगळ्यात गरीब कुटुंबांचे 15,000 होते ते 17,500 केले, पहिल्या बजेटमध्ये सरकारी नोकरांचा किमान मूळ पगार 24,250 वरून 40,000 पर्यंत न्यायचं जाहीर केलं. वीज जानेवारी 2025 मध्ये 20 टक्के स्वस्त झाली पण जूनमध्ये परत 15 टक्के महाग, कारण वीज खर्चाखाली विकायची नाही ही नाणेनिधीची अट. आणि 2025 पासून व्याज सोडून बाकी खर्च भागवून जीडीपीच्या 2.3 टक्के शिल्लक दाखवायची आहे, त्यामुळे द्यायला हात मोकळाच नाही, जे द्यायचं ते याच मर्यादेत बसवायचं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती कोणी फारशी विचारत नाही. 2023 मध्ये सरकारने देशातून घेतलेल्या कर्जाची फेररचना झाली, म्हणजे फेडीच्या अटी सैल केल्या, तेव्हा बँकांना वगळलं आणि भार टाकला ईपीएफवर, म्हणजे नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीवर. फंडाने आपल्याकडचे जुने सरकारी रोखे देऊन कमी व्याजाचे घ्यायचे, 2025 पर्यंत 12 टक्के आणि पुढे 9, नाही घेतले तर कर 14 ऐवजी 30 टक्के. कापड कारखान्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईने तीस वर्षं पगारातून कापून घेतलेले पैसे आहेत हे, तिला कोणी विचारलं नव्हतं. परदेशी रोखेधारकांशी केलेला करार मोडणं अवघड होतं हे मला पटतं, पण हा तर घरातला निर्णय होता! कामगारांच्या नावाने मतं मागून, नोव्हेंबर 2024 मध्ये 225 पैकी 159 जागा हातात असताना, पहिल्या बजेटमध्ये निदान या फंडाची थोडीफार भरपाई सुरू करायला हवी होती. ती झाली नाही, आणि गव्हर्नर कोण ठेवला यापेक्षा मी त्यांचे मार्क कापेन ते इथे.