हिवाळ्यानंतर छताला डाग? आधी माळ्यावर चढा, मग छपरावर

तुम्ही लिहिलंय त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. बर्फ वितळायला लागल्यावर बेडरूमच्या छताला बाहेरच्या भिंतीलगत तपकिरी कडेचा डाग आला, छपराच्या कडेच्या गटरात (पन्हळीत) काळी वाळू साचली, आणि ठेकेदार खालूनच बघून 'अख्खं छप्पर बदला' म्हणून गेला. छप्पर डांबरी शिंगल्सचं (कौलांसारख्या एकमेकींवर चढवून खिळ्यांनी ठोकलेल्या डांबरी पट्ट्यांचं), १२ वर्षांचं. एवढ्यावरून मी तरी छप्पर उतरवायला काढणार नाही.

डाग भिंतीलगत आहे, खोलीच्या मधोमध नाही, हीच मोठी खूण. घरातली ऊब माळ्यावर चढते आणि वरच्या पाखावरचा बर्फ खालून वितळायला लागतो. ते पाणी घरंगळत वळचणीशी येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नाही, त्यामुळे पाणी तिथे पुन्हा गोठतं. थरावर थर चढून बर्फाचा बांध होतो आणि त्याच्यामागे पाणी तुंबतं. शिंगल्सची रचना वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असते. तुंबलेलं पाणी त्यांच्या खालून वर सरकतं आणि खिळ्यांच्या भोकांतून आत उतरतं. म्हणजे शिंगल एकही फाटलेली नसताना घर गळू शकतं. हिवाळ्यात वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळके लटकत होते का, आठवून बघा. शेजारच्या छपरावर बर्फ एकसारखा टिकून होता आणि तुमच्याच छपराला मधे टक्कल पडलं होतं का? तसं असेल तर दुखणं छपराचं नाही, माळ्याचं आहे.

म्हणून पहिली चक्कर माळ्यावर. दिवसा जा, टॉर्च न्या आणि पाय फक्त तुळयांवर टाका. मधल्या भागात टाकलात तर थेट खालच्या खोलीत पोहोचाल. वर गेल्यावर टॉर्च बंद करून दोन मिनिटं थांबा. कुठे उजेडाची टाचणी दिसली तर ते भोक. मग टॉर्च लावून छपराच्या फळ्यांवर काळपट ओघळ, दबून गोळा झालेलं इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) आणि खिळ्यांची टोकं बघा. ओघळ सापडला की तो वरच्या दिशेने धरत जा. पाणी वाशाच्या कडेने चांगलं दोन-तीन मीटर प्रवास करतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वर भोक शोधणं हा फुकटचा खटाटोप.

खिळ्यांच्या टोकांकडे मी स्वतः फार उशिरा बघितलं. माझ्याकडे धुराड्याजवळ डाग होता. दोन उन्हाळे मी धुराड्याभोवती सीलंटच्या नळ्या रिकाम्या करत होतो आणि डाग दर थंडीत हजर. शेवटी कडाक्याच्या एका सकाळी माळ्यावर गेलो तर प्रत्येक खिळ्याच्या टोकाला दहिवराचा पांढरा गोंडा! बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर न काढता माळ्यातच सोडलेला होता. वाफ खिळ्यांवर गोठायची, ऊन पडलं की शेकडो थेंब एकदम टपकायचे. छपरातून पाण्याचा थेंबही येत नव्हता. तुमच्याकडे खिळे गंजलेले असतील आणि प्रत्येकाभोवती फळीवर काळं वर्तुळ असेल, तर आधी पंख्याचा पाइप तपासा.

आता बाहेरून. सुरुवात जमिनीवरून दुर्बिणीने करा, निम्मं काम तिथेच होतं. उचकलेली किंवा दुमडलेली शिंगल, वर आलेला खिळा, मधेच बाक आलेलं गटर, हे सगळं खालून दिसतं. काळ्या वाळूने घाबरू नका. शिंगलवरचे दगडी कण थोडेफार कायम झडतात आणि बर्फ घसरताना जास्त खरवडून नेतो. छपरावर सपाट काळे चट्टे दिसत असतील तर मात्र त्या शिंगलचं कवच गेलं. उरलेल्या डांबराला ऊन लवकर खातं.

वर चढायचंच असेल तर छप्पर पूर्ण कोरडं हवं आणि खाली एक माणूस हवा. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया या हिशोबाने टेका, वळचणीच्या वर तिचा मीटरभर भाग राहू द्या, आणि विजेची तार कुठून जाते ते आधी बघा. उतार तीव्र असेल तर हा भाग सोडून द्या, खरंच.

वर गेलात की जोडांकडे बघा. सपाट पाख क्वचित गळतं. गळतं ते दोन पाखं आत मिळतात त्या खोबणीत, पाइपभोवतीच्या रबरी बुचापाशी आणि धुराड्याच्या फ्लॅशिंगला (जोड झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला). रबर थंडीने कडक होऊन चिरतं. धुराड्याच्या विटांच्या दर्जांत (सांध्यांत) शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि चुना-सिमेंट फोडतं. दोन-चार थंड्यांत फ्लॅशिंगची कड भिंतीतून सुटते. तिथे वरून सीलंट फासणं म्हणजे एका मोसमाची सोय. दर्ज खरवडून, कड पुन्हा आत बसवून दर्ज नव्याने भरायला हवी. बूच तर सरळ बदला.

शिंगल बदलणं अवघड नाही, पण एक गोष्ट बरेच जण विसरतात. एका शिंगलमध्ये खिळ्यांच्या दोन ओळी असतात, एक तिची स्वतःची आणि दुसरी वरच्या शिंगलची, जी हिच्या माथ्यातून गेलेली असते. दोन्ही काढल्याशिवाय ती हलत नाही. त्यासाठी वरच्या दोन ओळींची चिकटण चपट्या पहारीने हळूच सोडवा. हे सकाळी, छप्पर तापायच्या आधी करा. उन्हात डांबर च्युइंगमसारखं ताणतं, आणि कडक थंडीत शिंगल बिस्किटासारखी मोडते. हवा १० अंशांच्या पुढे गेलेला दिवस निवडा. नवी शिंगल सरकवा आणि खिळ्यांच्या रेघेवर ४ खिळे मारा, वाऱ्याचा भाग असेल तर ६. खिळ्याचं डोकं शिंगलला टेकलेलं हवं, रुतलेलं नको. काढलेले वरच्या ओळीचे खिळेही परत मारा. शेवटी सोडवलेल्या प्रत्येक पाकळीखाली छपराच्या डांबरी सिमेंटचे नाण्याएवढे ठिपके देऊन दाबा, कारण मूळ चिकटपट्टी एकदा सुटली की तिचा भरवसा नाही.

दुरुस्तीनंतर पाइपने पाणी मारून बघा. वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं, माळ्यात एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे जाईल आणि काहीच कळणार नाही.

पण बांध पुन्हा होऊ नये याचं काम आतच आहे. माळ्याचं दार, दिव्यांची भोकं, पाइपांच्या फटी आधी बुजवा, मग इन्सुलेशन वाढवा; उलट क्रमाने केलंत तर उबदार हवा त्यातूनच वर जात राहते. वळचणीखालची हवेची जाळी इन्सुलेशनने बुजू देऊ नका.

पुढच्या थंडीत बांध दिसलाच तर हातोडी-कुऱ्हाडीने फोडू नका, बर्फाबरोबर शिंगलही जाते. मीठही नको, ते गटर गंजवतं आणि खालची झाडं मारतं. कापडी नळीत कॅल्शियम क्लोराइड भरून ती बांधावर आडवी न ठेवता उभी टाकली की पाण्याला वाट होते. छपरावरचा ताजा बर्फ जमिनीवर उभं राहूनच लांब दांड्याच्या फावड्याने ओढा. १० सेंमी भुसभुशीत बर्फाचं वजन चौरस मीटरला ५ ते १० किलो असतं, तेवढ्याच जाडीच्या घट्ट गोठलेल्या बर्फाचं ९० किलोच्या वर.

आढं मधे खचलेलं दिसलं, फळीत स्क्रूड्रायव्हर सहज रुतला किंवा दारं अचानक अडायला लागली, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, ठेकेदाराला नाही.

तूर्त माळ्यातले फोटो टाका: एक डागाच्या वरच्या भागाचा, एक वळचणीच्या कोपऱ्याचा आणि एक खिळ्यांच्या टोकांचा, अगदी जवळून.