स्वायत्तता दिली की प्रदेश फुटतो का?

प्रश्न : वेगळी भाषा-संस्कृती असलेल्या प्रदेशाला स्वायत्तता दिली, की त्याच्या मागण्या वाढतच जातात असं म्हणतात. हे खरं आहे का?

उत्तर : स्वायत्तता कोणाच्या हातात पडली, हे आधी बघायला हवं. इटलीतला दक्षिण तिरोल हा पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून आलेला, प्रामुख्याने जर्मनभाषक डोंगराळ प्रांत. १९४६ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, १९४८ मध्ये स्वायत्ततेचा कायदाही आला. पण रोमने त्यात मेख मारली. शेजारचा इटालियनभाषक त्रेंतो जोडून एकच प्रदेश केला आणि महत्त्वाचे अधिकार त्या मोठ्या प्रदेशाला दिले. तिथे बहुमत इटालियनभाषकांचं, त्यामुळे जर्मनभाषक प्रत्येक मतदानात हरणार हे ठरलेलंच. १९५७ मध्ये ‘त्रेंतोपासून सुटका’ ही घोषणा देत हजारोंनी सभा भरवली. जून १९६१ मध्ये तर एका रात्रीत विजेचे कित्येक मनोरे स्फोटांनी पाडले गेले.

तोडगा निघाला तो १३७ उपायांच्या यादीतून. ती १९६९ मध्ये मान्य झाली आणि १९७२ च्या नव्या कायद्याने बहुतेक अधिकार प्रांताकडे आले. सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जाऊ लागल्या, दोन्ही भाषांची परीक्षा सक्तीची झाली आणि बहुतेक करांचा नऊ-दशांश वाटा प्रांतातच राहू लागला. यादी पुरी अमलात यायला १९९२ उजाडलं.

याची किंमतही आहे. राखीव जागेसाठी आपला भाषागट जाहीर करावा लागतो. ते पत्र बंद पाकिटात प्रांताची राजधानी बोल्झानो इथल्या न्यायालयात राहतं. आई जर्मनभाषक, वडील इटालियनभाषक असले तरी गट एकच निवडायचा. शाळाही वेगवेगळ्या. शांतता आली, पण दोन समाज मिसळले नाहीत, ही खंत उरतेच.

प्रश्न : मग स्पेनमध्ये बास्क प्रदेश निवळला आणि कॅटलोनिया पेटला, असं का?

उत्तर : बास्क लगेच निवळला नाही. १९७९ मध्ये स्वायत्तता मिळाली, तरी ‘एटा’ या सशस्त्र फुटीर संघटनेने शस्त्रं कायमची थांबवल्याची घोषणा केली २०११ मध्ये. पण पैशाचा वाद तिथे फारसा पेटला नाही. जवळजवळ सगळे कर तिथलीच प्रांतीय सरकारं गोळा करतात आणि संरक्षण, परराष्ट्र अशा केंद्राकडच्या खर्चापोटी ६.२४ टक्के हिशोबाने रक्कम माद्रिदला देतात.

कॅटलोनियात मात्र मुख्य कर केंद्र गोळा करतं आणि वाटा सूत्राने परत येतो. त्यात स्वायत्ततेचा २००६ चा सुधारित कायदा संसदेत मंजूर झाला, कॅटलन जनतेनेही जनमतात स्वीकारला आणि मग चार वर्षांनी घटना न्यायालयाने त्यातली १४ कलमं पूर्ण किंवा अंशतः रद्द केली. लोकांच्या मनाला हे फार लागलं. मतदान आधी आणि घटनेची कसोटी नंतर, हा क्रमच उलटा होता. २०१५ मध्ये स्पेनने तो सुधारला: आता असा कायदा जनमताआधीच न्यायालयात नेता येतो आणि निकाल लागेपर्यंत मतदान थांबतं. पण तोवर कॅटलोनियात स्वातंत्र्याच्या मागणीने मूळ धरलं होतं. दोनच वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१७ ला, न्यायालयाची बंदी झुगारून तिथे मतदान झालं.