आधी किरकोळ बोलू दे

अगं पोरी,

तुझी पटकथा रात्रीच वाचली आणि वैतागलो. दोन अनोळखी माणसं जिन्यात भेटतात आणि तिसऱ्या वाक्याला आपण किती एकटे आहोत ते एकमेकांना सांगतात. वर तू विचारतेस, प्रसंग खोटा का वाटतो? एकटा माणूस असं बोलत नाही गं. तो म्हणतो, लिफ्ट बंद आहे. पाणी कधी येणार, असं विचारतो.

'द लंचबॉक्स' (२०१३) पुन्हा पुन्हा पाहिलास म्हणतेस. मग साजन फर्नांडिस पहिल्या चिठ्ठीत काय लिहितो? निवृत्तीला टेकलेला विधुर. चुकून आलेला डबा चाटूनपुसून खातो. डबा खरं तर इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला. ती आभाराची चिठ्ठी धाडते, आणि हा पठ्ठ्या उलट कळवतो की आज जेवण खारट होतं. बस! वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीच्या सल्ल्याने इला मग तिखटजाळ पाठवते आणि त्याला केळी खाऊन आग विझवावी लागते. एवढं झाल्यावर कुठे गेलेली बायको, तिच्या आवडत्या मालिकेच्या जुन्या टेपा असलं काही चिठ्ठीत येतं. आधी किरकोळ, मग मन. हा क्रम उलटा करू नकोस.

ती देशपांडे आंटीही बघ. बघ म्हणजे ऐक, कारण ती दिसतच नाही. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खिडकीतून खाली सोडलेली टोपली. बोलणं मसाल्याचं. घरात नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला, नजर पंख्यावर. म्हणून पहिल्याच प्रसंगात तिने रडगाणं गायलं असतं, तर आपण तिला विसरलो असतो.

याच हट्टापायी माझं एक काम गेलं. निर्मात्याला शेवटी दोघं गळ्यात पडून रडायला हवी होती. मी त्यांना छत्री कुणाची यावर भांडायला लावलं. त्याने दुसरा लेखक घेतला, सिनेमा चाललाही. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण तो रडका प्रसंग आज कुणाला आठवतो? माझा छत्रीचा तर कुणी पाहिलाच नाही म्हणा. तरी मीच बरोबर होतो.

शेवटी भेट घडवू का, हा तुझा दुसरा प्रश्न. घडव, नाहीतर नको घडवूस. साजन हॉटेलात जातो, वाट बघणाऱ्या इलाला लांबूनच पाहतो आणि पुढे होत नाही. मला मोठा वाटतो तो दुसरा दिवस: ती डबा पाठवते, आत काही नाही. ज्या बाईला डबा रिकामा परत आल्याचं अप्रूप होतं, ती आता रिकामा डबा पाठवून भांडते. मीठमिरचीवर आधी इतकं बोलणं झालेलं नसतं, तर हे भांडण कळलंच नसतं. किरकोळ गं, किरकोळ!

तुझ्या जिन्यातल्या माणसांना असं काही दे. एकाची दुधाची पिशवी दुसऱ्याच्या दारात पडते. पुढचं तू लिही.

आणि संध्याकाळी कुणाशी बोलणंच होत नाही, हे पत्राच्या तळाशी घाईत खरडलंयस, ते वाचलं मी. सांत्वनाचे चार शब्द मला जमत नाहीत. शेजारणीकडे जा आणि पाना माग. नको असला तरी माग.

नवा मसुदा कागदावर छापून पाठव, मोबाईलवर वाचायला लावू नकोस. आणि पानांना क्रमांक घाल.