आंदोलनात जाणाऱ्या पोरीचं करिअर

कोल्हापुरातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा:

‘मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. पण वर्षभरापासून पर्यावरणवाल्या पोरांच्यात गेलीय. आधी पंचगंगेचं पाणी, आता समुद्रातल्या तेलविहिरी. कन्याकुमारीकडं मच्छीमारांनी विरोध केला, तर हिनं इथं बिंदू चौकात फलक धरला. आता म्हणते, एम.एस्सी. करत नाही, पूर्णवेळ आंदोलनाचंच काम करणार. थोरला मुलगा मुंबईच्या समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कंत्राटदाराकडं मेकॅनिक आहे. त्याच्याच पगारातून हिची फी भरली. तो सुट्टीवर आला की जेवणाच्या ताटावर दोघांची भांडणं. उद्या एखादी केस अंगावर आली तर हिचं लग्न, नोकरी, सगळंच अडेल. कोल्हापूरच्या पोरीला समुद्राचं काय पडलंय? तुम्ही तिला समजवा.’

सप्रेम नमस्कार.

समजवा म्हणजे तिला आंदोलनातून बाहेर काढा, असं तुमच्या मनात असेल तर ते मी करणार नाही. तिचा विषय खरा आहे, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध तुमच्याच घराशी आहे. एम.एस्सी. सोडू नये, एवढं मात्र मी तिला निक्षून सांगेन. दोन्ही गोष्टी मी का म्हणते ते सविस्तर लिहिते.

27 जुलै 2005. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म. आदल्या दिवशीच्या पावसानं मुंबई बुडाली होती, समुद्र खवळलेला होता. शेजारी काम करणाऱ्या ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या हाताला जखम झाली. हवामानामुळं हेलिकॉप्टर येईना. म्हणून त्याला क्रेननं प्लॅटफॉर्मवर उचलून घ्यायचं ठरलं आणि जहाज अगदी लगत आणलं. लाटांनी ते प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि त्याचा धक्का रायझरला बसला. समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांच्यात तेल आणि वायू नेणारे-आणणारे उभे पाइप म्हणजे रायझर. गळती झाली, भडका उडाला आणि साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. त्या सगळ्या ठिकाणी मिळून 384 माणसं होती, त्यांतली 22 गेली.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा तरंगता तळ, मुंबईच्याच समुद्रात बुडाला. त्यावर 261 जण होते, सत्तरहून अधिक मेले. त्यांतले बहुतेक तुमच्या मुलासारखे कंत्राटी कामगार होते. वादळाचे इशारे आधीच मिळालेले होते.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमचा मुलगा कष्टाचं, कौशल्याचं काम करतोय, त्याचा मला आदरच वाटतो. पण ज्या बिघाडानं समुद्र काळा होतो, त्याच बिघाडात आधी प्लॅटफॉर्मवरची माणसं जातात. पोरगी ज्या धोक्याबद्दल बोलते, त्याच धोक्यात तिचा भाऊ ड्युटी करतो. घरातल्या भांडणात ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आलेली दिसत नाही.

आता शिक्षणाचं. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. 11 कामगार गेले, 87 दिवस विहीर वाहत राहिली, सरकारी अंदाजानं सुमारे 49 लाख बॅरल तेल बाहेर पडलं. विहिरीच्या तळाशी घातलेलं सिमेंट धरलंय की नाही, याची चाचणी त्याच दिवशी झाली होती. ड्रिल पाइपवरचा, म्हणजे विहिरीत उतरलेल्या खोदकामाच्या पाइपवरचा काटा 1400 पीएसआय (दाबाचं एकक) दाब दाखवत होता, आणि त्याच विहिरीला जोडलेल्या किल लाइन नावाच्या बाजूच्या नळीतून काहीच वाहत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असणं शक्य नव्हतं. दाब आहे म्हणजे तळातून वायू वर ढकलतोय. पण हजर असलेल्या लोकांनी त्या काट्याचं एक सोयीचं स्पष्टीकरण शोधलं आणि चाचणी पास केली. रात्री स्फोट झाला.

ती चूक सापडली कशी? चौकशीत तो काटा वाचता येणारी माणसं होती म्हणून. आंदोलनाला अशी माणसं लागतात, आणि आपल्याकडं ती फार कमी आहेत. जनसुनावणीत मच्छीमार पोटतिडकीनं बोलतात. समोरून प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचं बाड येतं, त्यातल्या तक्त्यात काय लपलंय ते सांगणारं बाजूला कुणी बसलेलं नसतं. तो अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पवाला भरतो. माझ्या मते ही सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची जागा आहे. आणि तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरींना तर पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नियमांतल्या जानेवारी 2020 च्या दुरुस्तीनं बी-2 गटात टाकलंय, म्हणजे तिथं जनसुनावणीच नाही. तुमच्या लेकीनं फलकावर हे लिहिलं होतं का, ते विचारा. लिहिलं नसेल तर तिला अजून शिकायचंय.

केमिस्ट्री घेऊन ती इथं काय करू शकते, ते बघा. पावसाळ्याच्या तोंडावर मालवण, वेंगुर्ला, गोव्याच्या वाळूत डांबरगोळे येतात. अनवाणी चाललं की तळपायाला काळं चिकट लागतं, साबणानं निघत नाही, खोबरेल तेल चोळून काढावं लागतं. हे आलं कुठून? जाणाऱ्या टँकरनं टाकी धुतली, की विहिरीकडून गळलं? त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. तेलात हॉपेन नावाची संयुगं असतात. ऊन, लाटा, जीवाणू यांना ती सहजासहजी दाद देत नाहीत, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण वेगवेगळ्या साठ्यांतल्या तेलात वेगळं असतं, बोटांच्या ठशांसारखं. गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रांवर तो ठसा जुळवून तेलाचा मालक शोधता येतो. गोव्याला दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डांबरगोळ्यांवर असं काम झालंय. ॲनॅलिटिकल किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून तिथं प्रबंधासाठी अर्ज करता येतो. आंबोलीमार्गे गोवा काही लांब नाही. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं एम.एस्सी. आहे, आणि घरी राहूनच शिकायचं असेल तर शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे. पण तिचं केमिस्ट्रीचं हत्यार धारदार असताना मी ते बोथट होऊ देणार नाही. माझा कौल आधी केमिस्ट्रीला.

गणिताची गोडी असेल तर हैदराबादची इन्कॉइस बघा. सांडलेलं तेल वारा आणि प्रवाहाबरोबर कुठल्या किनाऱ्याला लागेल, याचा अंदाज ती संस्था देते. तेलगळतीच्या वेळी देशपातळीवरच्या समन्वयाचं काम तटरक्षक दलाकडं आहे. कायद्याची वाटही चांगली आहे. पदवीनंतर तीन वर्षांची एल.एल.बी. इथंच होते, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे आणि आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय. विज्ञान कळणारा वकील या खटल्यांत सोन्याच्या मोलाचा. प्लॅटफॉर्मवरची औद्योगिक सुरक्षा हे क्षेत्रही आहे, पण तिथं कंपनीची नोकरी आली. ते तिला आज पटणार नाही, आणि मीही ढकलणार नाही.

केसची भीती तुम्हाला वाटते, ती खोटी नाही. शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 नं दिलाय, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश वरचेवर निघतात. त्या काळात परवानगी न घेता जमाव केला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. दगड, तोडफोड, शिवीगाळ सुरू झाली की तिथून निघायचं, मित्र काहीही म्हणोत. समजा तरीही नाव आलंच, तर सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्मात, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्मात, ते लपवायचं नाही. अवतार सिंग खटल्यात 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं या विषयाची चौकट घालून दिलीय: माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ प्रकरण असेल तर त्याचा सहानुभूतीनं विचार होऊ शकतो. लपवलेलं उघडं पडलं की नोकरी जाऊ शकते. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, परदेशी पीएच.डी.चा विचार असेल तर हे तिनं आत्ताच ध्यानात ठेवावं. लग्नाचं म्हणाल, तर त्यावर मी काही लिहीत नाही. तिनं ठरवायचं.

‘कोल्हापूरच्या पोरीला समुद्राचं काय’ हे मात्र मला पटलं नाही. रविवारी आपल्या ताटातला बांगडा घाट चढूनच येतो. आणि टोलविरोधात रस्त्यावर उतरून टोल घालवलेल्या गावात वाढलेली पोर गप्प कशी बसेल?

पूर्णवेळ आंदोलनाबद्दल तिला माझा निरोप द्या. बावीसाव्या वर्षी भावाच्या पगारावर पूर्णवेळ कार्यकर्ती होणं त्या भावावर अन्याय आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं शनिवार-रविवार चळवळीला द्यावेत, माहिती अधिकाराचे अर्ज लिहावेत, मच्छीमारांसाठी अहवालांचं मराठीत सोपं टिपण करावं. हे काम आज फार कमी लोक करतात, आणि त्यात अटक होत नाही. एम.एस्सी.नंतर तिला पूर्णवेळच जायचं असेल तर तेव्हा हातात विद्या असेल, आणि तुम्ही अडवू नका.

आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.साठीच्या जॅम या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, पेपर फेब्रुवारीत असतो. केमिस्ट्रीचा फॉर्म भरायला सांगा. मुलगा पुढच्या सुट्टीला आला की दोघांना माझ्याकडं एकत्र पाठवा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. त्यानं त्याच्या सेफ्टी ट्रेनिंगचं पुस्तक आणावं. तिनं 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आणि 2020 ची ती दुरुस्ती वाचून यावं. इंग्रजीत कुठं अडलं तर आपण बसून बघू.