रोजच्या पावसाचा सहसंबंध 0.7 आहे, मग दोन पर्जन्यमापन केंद्रांच्या अतिवृष्टीसाठी गॉसियन कोप्युला (दोन चलांचं एकमेकांवरचं अवलंबित्व मांडणारं, नॉर्मल वितरणावर बेतलेलं सूत्र) चालेल ना?

नाही चालणार. द्विचल नॉर्मलमध्ये, म्हणजे हा कोप्युला ज्यावर बेतलाय त्या दोन चलांच्या वितरणात, सहसंबंध 1 पेक्षा जरासा जरी कमी असला, तरी टोकाकडे जाता जाता दोन्ही चलं एकमेकांपासून सुटतात, हे संख्याशास्त्रज्ञ सिबुयानं 1960 मध्येच सिद्ध केलंय. तुमचं 0.7 सगळ्या दिवसांचं मिळून आहे. पुराच्या दिवसाबद्दल ते काही सांगत नाही.

मी बडोद्याचा. एका सल्लागार कंपनीत नाल्यांच्या आराखड्यावर काम करायचो. साहेबांनी पावागढकडून विश्वामित्री नदीत येणारं पाणी आणि शहरातला पाऊस, दोन्हींची शंभर वर्षांतून एकदाची पातळी वेगवेगळी काढली आणि सरळ गुणाकार केला. दोन्ही एकाच वर्षी म्हणजे दहा हजार वर्षांतून एकदा! मी म्हटलं, "साहेब, वर पडतो तोच पाऊस इथे पडतो. वरचा आजवा तलाव भरत असतो तेव्हा शहरातल्या रावपुऱ्यातही छत्र्या उघडलेल्याच असतात." ते म्हणाले, "पुस्तकी बोलू नकोस." अहवाल तसाच गेला.

31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला, आणि वरूनही पाणी आलं. आमच्या कारेलीबागच्या घरात रिकामा गॅस सिलिंडर तरंगत स्वयंपाकघराच्या दारावर आपटत होता. आई ओट्यावर बसून पिठाचा डबा मांडीवर धरून होती. कपाटावरची गाळाची रेघ आम्ही अजून पुसलेली नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

तेव्हा आधी 'काय' (χ हे ग्रीक अक्षर) आलेख काढा: एक केंद्र उंबरठ्याच्या वर असताना दुसरंही वर असण्याची शक्यता, उंबरठा चढवत नेत. ती शून्याकडे घसरत नसेल तर टोकालाही अवलंबित्व टिकवणारा टी किंवा गम्बेल कोप्युला घ्या. घसरत असेल तर हेफर्नन आणि टॉन यांची 2004 ची सशर्त पद्धत, म्हणजे एक केंद्र टोकावर असताना दुसरं कसं वागतं ते मांडणारी. त्यासाठी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत टेक्समेक्स पॅकेज आहे. उंबरठा नेमका किती, ते तुमची आकडेवारी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

हो, तीसेक वर्षांच्या नोंदींवर घसरणारा आणि न घसरणारा हे दोन प्रकार खात्रीनं वेगळे करता येत नाहीत, आणि सलग पावसाचे दिवस आधी एकच घटना म्हणून एकत्र बांधून घ्यावे लागतात. पण शंका असेल तिथे अवलंबित्व धरूनच चाला. सुटं धरल्याची चूक लोकांच्या घरात शिरते. तुमचे गाईड गॉसियनवर अडले तर वाद घाला, लेखी घाला. मी तोंडी घातला होता, म्हणून त्या अहवालात माझ्या हरकतीची एक ओळही नाही.