नवीन, लगेच ओठांवर येणारी इंडी पॉप (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांची पॉप) आणि सिंथपॉप (सिंथेसायझरवर बेतलेली पॉप) गाणी शोधायची कुठे, आणि मित्रांना ऐकवायची कशी?

अ‍ॅपने सुचवलेल्या याद्यांवर विसंबलात तर फिरून फिरून त्याच वळणाची गाणी येतात. मी उलटीकडून जातो: गाणं आवडलं की ते कोणत्या लेबलने, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने, काढलंय ते बघायचं. छोट्या लेबलांना स्वतःची चव असते. ब्रिस्टलच्या सारा रेकर्ड्सचं (१९८७ ते १९९५) एक गाणं आवडलं, तर बाकीचीही बरीच आवडतात.

ताज्या मालासाठी बँडकॅम्प, म्हणजे कलाकार आपली गाणी थेट विकतात ती साइट. सिंथपॉपचा टॅग निवडून नव्याने आलेली गाणी आधी लावा. बरीचशी वीस सेकंदांत सोडून द्याल, चालायचंच. विकत घेणार असाल तर 'बँडकॅम्प फ्रायडे' (त्यांनी जाहीर केलेले ठरावीक शुक्रवार) गाठा, त्या दिवशी ते आपलं कमिशन घेत नाहीत. सिएटलचं केईएक्सपी रेडिओही ऐका. तिथे गाणी माणसं निवडतात आणि काय वाजलं त्याची यादी साइटवर दिसते.

मित्रांना पाठवताना एका वेळी एकच गाणं, सोबत एक ओळ: "१:१० ला सिंथ घुसतो, तोवर बंद करू नकोस." चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट कोणी उघडत नाही. मला आलेल्या तीन तशाच पडून आहेत.