जर्मन चार्ट वाचायला सुरुवात करताय? मग हे आधी वाचा

आधी एक पक्कं करून घ्या : जर्मनीच्या अधिकृत चार्टमध्ये, म्हणजे गाण्यांच्या आणि अल्बमच्या दर आठवड्याच्या क्रमवारीत, क्रम विकलेल्या प्रतींवर नाही, तर उलाढालीवर लागतो, तोही 2007 पासून. म्हणून टी-शर्ट, पोस्टर घालून विकलेला महागडा अल्बम-बॉक्स साध्या सीडीपेक्षा जास्त वजन टाकतो. तिथल्या रॅपर मंडळींनी याचा भरपूर फायदा उठवला. मला हे पटत नाही. ऐकणारे किती, हे त्यातून कळतच नाही. म्हणून पहिला नंबर दिसला की खप प्रचंड असेल, असं धरून चालू नका.

आठवडा शुक्रवार ते गुरुवार मोजतात.

‘जर्मन चार्ट’ म्हणजे जर्मन भाषेतली गाणी, असंही समजू नका. तिथलं सर्वाधिक खपाचं सिंगल (अल्बमबाहेर सुटं विकलेलं गाणं) एल्टन जॉनचं, डायनाच्या आठवणीतलं 1997 चं इंग्रजी गाणं आहे.

जर्मन गाण्यांपैकी नेना बँडचं ‘99 लुफ्टबलोन्स’ आधी ऐका. 1983 मध्ये ते जर्मनीत पहिलं आलं, 1984 मध्ये अमेरिकेत जर्मनमध्येच दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. ब्रिटनमध्ये पहिली आली ती मात्र इंग्रजी आवृत्ती. दोन्ही लागोपाठ ऐका. जर्मनमधली धार इंग्रजीत उतरलेली नाही.